टिकाऊ माल

१९५०च्या दशकात इंग्लंडातल्या एका गृहस्थांचा खुबा बोलत असे. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी मांडीच्या हाडाचा झिजलेला माथा काढून तिथे अ‍ॅक्रिलिकचा गोल माथा बसवायला १९४६च्या सुमारास सुरुवात केली होती. तसलाच एक या गृहस्थांना बसवलेला. दुखणं गेलं, पण आवाज आला. जरा पुढे वाकले की आतून करकर सुरू. शेवटी बायको त्यांच्याजवळ बसायचं टाळू लागली. नवऱ्याची कुरकुर ऐकून घेणं हा संसाराचा भागच आहे आणि तिला द्यायची उत्तरंही बायकांकडे तयार असतात. पण ती कुरकुर तोंडातून निघालेली असावी लागते. खुब्याशी भांडायचं कसं? बिचारे गृहस्थ 'मी काहीच म्हणालो नाही' असं म्हणत राहिले असतील, आणि तेही खरंच होतं.

दुसरा एखादा सर्जन असता तर 'दुखत नाही ना? मग झालं!' म्हणून त्यानं विषय मिटवला असता. जॉन चार्नली मात्र त्या आवाजाच्या मागेच लागले. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणून पाठ करतो, त्यात हाडाचा गोळा कूर्चेच्या वाटीत फिरतो आणि तिथलं घर्षण बर्फावरून घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी असतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. एवढी निसरडी गोष्ट प्रत्येकाच्या कमरेखाली एकेका बाजूला बसवलेली आहे आणि तरी माणूस सरळ चालतो, याचं खरं तर रोज सकाळी उठल्यावर नवल वाटायला हवं. पण आपल्याला खुब्याची पहिली आठवण येते ती तो दुखायला लागल्यावर. तर चार्नलींनी या निसरडेपणासाठी टेफ्लॉन घेतलं, न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच. विगन गावाजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात टेफ्लॉनची वाटी बसवलेली माणसं काठ्या टाकून चालू लागली. आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, त्यांचा भुगा आसपासच्या हाडामांसाला डाचू लागला. मग त्या एकेक करून काढाव्या लागल्या. टेफ्लॉनचे कण शरीरात करतात तरी काय, हे पाहायला चार्नलींनी ते आपल्याच मांडीत घालून घेतले आणि उठलेल्या गाठींची हकीकत 'लॅन्सेट'ला कळवली. सर्जन म्हणजे दुसऱ्याच्या मांडीवर धीट असलेला माणूस, हा माझा समज तेव्हापासून थोडा सैल झाला आहे.

पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. १९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता चार्नलींच्या प्रयोगशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाकडे जर्मन प्लास्टिकचा एक तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापडमागांना लागणाऱ्या दातेरी चाकांचा तो माल, पॉलिथिलीनच, पण फार दणकट जातीचं. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं, यात वेळ घालवण्यात अर्थ नाही असं सांगितलं आणि कोपनहेगनला निघून गेले. साहेबांची पाठ वळताच क्रेव्हननं तो तुकडा घासणीच्या यंत्राला लावून टाकला. तीन आठवडे रगडूनही तो टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढासुद्धा झिजला नाही. जगातल्या कितीएक शोधांच्या वेळी साहेब नेमके गावाला गेलेले असतात. चार्नली मात्र मोठ्या मनाचे. परतल्यावर यंत्रापाशी उभं राहून त्यांनी आपलं नख मागे घेतलं आणि त्याच नोव्हेंबरात त्या प्लास्टिकची पहिली वाटी माणसाला बसवली. ज्या लँकेशायरच्या मागांपुढे उभं राहून आमच्या गिरणगावातल्या दोन-तीन पिढ्यांच्या कमरा मोडल्या, त्याच मागांच्या चाकांतून पुढे कमरा सांधायचा माल निघाला, हे मात्र या गोष्टीत कुणी सांगत नाही.

हे सगळं मी वाचलं ते आत्याच्या खुब्यामुळे. आत्या सांगलीची, तेव्हा खुबा मिरजेत बदलणार हे ठरलेलंच होतं. मिरजेत एका गल्लीत डॉक्टर आणि दुसरीत सतारवाले, अशी गावाची वाटणी आहे. माणसाचं काहीही बिघडलं की तिथे न्यायचं. सर्जननं टेबलावर नमुने मांडले. लांबट करडा टायटॅनियमचा दांडा, त्याच्या वरच्या भागावर खरखरीत लेप. हा लेप हाडात असतो त्याच खनिजाचा, म्हणून हाड फसतं आणि आपलंच समजून त्याला धरून वाढतं. पांढऱ्या पॉलिथिलीनची वाटी, आता किरणांचा मारा करून आणखी चिवट केलेली. आणि सिरॅमिकचा गोळा, चक्क गुलाबी. आत्यानं तो तळहातावर घेतला, सराफाच्या दुकानात घेतात तसा दोनदा वरखाली करून वजनाचा अंदाज घेतला, अंगठ्यानं फिरवला. "गुलाबी का हो?" तिनं विचारलं. जरासा क्रोमियम असतो म्हणून, असं सर्जननं सांगितलं. तिला ते पटलं असावं. मग तिनं प्रत्येक वस्तूच्या खरेदीत ती विचारते तो प्रश्न विचारला.

"टिकेल किती?"

"आजी, वीस-पंचवीस वर्षं बघायला नको."

आत्यानं मनात बेरीज केली. अठ्ठ्याहत्तरात पंचवीस मिळवले की काय होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. "मग यातला जरा हलका दाखवा," ती म्हणाली, "एवढा टिकाऊ घेऊन मी काय करू?"

सर्जन हसले, मीही हसलो. पण तिच्या प्रश्नाला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. जन्मभर या बाईनं टिकाऊ तेच घेतलं. पितळेची घंगाळं, सागवानी पाट, नातवंडांना पुरेल असा खलबत्ता. टिकाऊ वस्तू घ्यायची ती आपल्यामागे कुणाला तरी होईल म्हणून. खुबा कुणाला द्यायचा? २०१९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मोठा आढावा आला होता, त्यात १०० पैकी ५८ खुबे २५ वर्षं टिकलेले दिसतात, आणि तेही जुन्या जमान्यात बसवलेले. आकडा ऐकून डॉक्टरांना आनंद होतो. आत्याच्या वयाच्या माणसाला मात्र आपण आपल्याच खुब्याच्या मानानं कमी प्रतीचा माल आहोत, असं वाटून जात असेल.

ऑपरेशन चाललेलं असताना मी बाहेर पडलो आणि सतारींच्या गल्लीत जाऊन बसलो. एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवून जवारी काढत होता. तारेनं तारेपुरती घोडी झिजत जाते, सूर बसतो, मग माथा पुन्हा घासून असा काढायचा की तार त्याला केसभर चाटून जाईल आणि गुंजेल. घोडी हाडाची असते, सांबरशिंगाची असते. जुन्या वाद्यांना हस्तिदंताचीही असे, आणि हल्ली कृत्रिम मालाचीही येते. मला ऑपरेशन थिएटरातूनच उठून आल्यासारखं वाटेना. तोच माथा आणि तीच झीज, फक्त इथे आवाज यावा म्हणून घासतात आणि तिथे येऊ नये म्हणून. आणि खुब्यातही हस्तिदंत होऊन गेलाच आहे. थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी बर्लिनमध्ये १८९१ साली तो वापरला होता. आणि १९६०मध्ये ब्रह्मदेशात डॉ. सान बॉ यांनी एका वृद्ध बौद्ध भिक्षुणीला हस्तिदंताचा खुबा बसवला, पुढे आणखी कितीतरी जणांना. तेही मंडालेत. आपल्याला मंडाले म्हटलं की टिळकांची कोठडी आणि 'गीतारहस्य'. देहाच्या नश्वरतेचा एवढा विचार जिथे झाला, तिथेच हत्तीच्या दातावर म्हाताऱ्या बाया पुन्हा चालू लागल्या.

आत्याही चालू लागली, फार लवकर, जवळजवळ उद्धटपणे लवकर. पण तिच्याभोवतीचं घर बदललं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. ज्या घरात जेवण, भाजी निवडणं, पूजा, भांडणं सगळं जमिनीवर होत आलं, त्या घराची जमीन तिच्यापुरती दीड फूट वर आली. पलंगाखाली विटा गेल्या, संडासात कमोड आला, देव्हारा टेबलावर चढला. पूर्वी तिला देवांपुढे वाकावं लागे, आता दोघं समोरासमोर आली आणि तिच्या बोलण्यात थोडी बरोबरी आली. पाटावर बसणाऱ्या जावा-नणंदांत ही एकटी खुर्चीवर. परीक्षेला बसलेल्या मुलींवर देखरेख करणाऱ्या बाईंसारखी ती सगळ्यांच्या पानात काय वाढलंय ते पाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या दारातली मेटल डिटेक्टरची चौकट वाजली तेव्हा तिनं पोलीसबाईंना मांडीवर थाप मारून "टायटॅनियम आहे" म्हणून सांगितलं. चौकट खरं तर सगळ्यांनाच बघून वाजत होती, पण तो मान तिच्याकडून कोण काढून घेणार?

चार्नली आपल्या रुग्णांकडून एक कबुली घेत, हे मी तिला एकदा सांगितलं. तुमच्यानंतर खुबा आम्हाला परत द्या, कितपत झिजला ते बघू. पुष्कळांनी आनंदानं होकार दिला होता. आत्यानं कोबी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"म्हणजे आपल्यात सावडताना मिळेल की तो," ती म्हणाली.

मी गप्प बसलो. मिळेल, हे मला ठाऊक होतं. चितेची आग टायटॅनियमला वितळवू शकत नाही, सिरॅमिकला तर नाहीच. जळेल ती फक्त प्लास्टिकची वाटी. अग्नी जाळू शकत नाही अशी एक वस्तू आपल्यात आहे असं गीता सांगते, पण ती काही राखेत हाताला लागत नाही.

"बोल की. मिळेल ना?"

"मिळेल. काही देशांत गोळा करतात असले तुकडे, आत्या. वितळवून नवा धातू करतात. विमानाच्या भागांनाही जातो म्हणे."

आत्या कधी विमानात बसलेली नाही. तिनं सुरी थांबवली. विमानाचं तिला कौतुक वाटत असेल अशी माझी समजूत झाली, आणि मी काहीतरी हळवं बोलायच्या बेतात होतो.

"नदीत टाकू नका हं, चांगला माल आहे," ती म्हणाली. "आणि मोडीत काय भाव देतात ते आधी विचारून ठेव."