सगळेच पंगतीत

उत्तर आयर्लंडमध्ये निवडणूक हरणे सोपे नाही. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तीस वर्षांचा रक्तपात थांबवला आणि ब्रिटनसोबत राहू पाहणारे युनियनवादी व एकसंध आयर्लंड मागणारे राष्ट्रवादी (तिकडचे) यांना सत्तेच्या एकाच पंगतीत बसवले. ज्याचे जितके आमदार, त्याच्या पानात तितकी मंत्रिपदे. बंदुका थंडावल्या हे खरेच मोठे काम. पण सगळेच जेवायला बसले, तर आमटी खारट झाल्याचे सांगणार कोण?

२०१६ मध्ये अधिकृत विरोधी पक्षासाठी कायदा झाला. अल्स्टर युनियनिस्ट आणि एसडीएलपी या दोन लहान पक्षांनी हक्काच्या मंत्रिपदांवर पाणी सोडले. अलायन्स पक्षाने न्यायखाते नाकारले, तर ते एका अपक्ष आमदाराला मिळाले. अपक्षांचे भाग्य असे उजळते, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

लगेच घोटाळाही उपलब्ध झाला. लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरना इंधनाच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त. जितके जाळाल तितके कमवाल! डिसेंबरमध्ये प्रमुख मंत्री आर्लीन फोस्टर यांच्याविरुद्ध ठराव आला. बाजूने ३९, विरोधात ३६. ठराव फेटाळला! कारण नुसते बहुमत चालत नाही, दोन्ही समाजांची संमती लागते. मग जानेवारी २०१७ मध्ये उपप्रमुख मंत्री मार्टिन मॅकगिनीस यांनी राजीनामा दिला आणि सरकार कोसळले. एक उठला की दुसऱ्यालाही उठावे लागते, असा नियमच आहे. म्हणजे खरा विरोधक मंत्रिमंडळातच बसलेला. त्यानंतर तीन वर्षे सरकार नव्हते. २०२२ मध्ये फोस्टर यांच्याच डीयूपी या युनियनवादी पक्षाने तोच खेळ केला, आणखी दोन वर्षे गेली.

या साऱ्यात लहानांचे हाल पाहा. अलायन्स स्वतःला ना युनियनवादी म्हणवत, ना राष्ट्रवादी. म्हणून त्याची नोंद ‘इतर’. २०२२ मध्ये १७ जागा जिंकून तो तिसरा झाला, तरी दोन समाजांच्या मोजणीत त्याला पाट नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार परतले, तेव्हा चार पक्ष आत गेले आणि एसडीएलपी बाहेर राहिला. ९० पैकी ८ आमदार. तरीही त्यांचे मॅथ्यू ओ’टूल रीतसर विरोधी पक्षनेते झाले.

आपल्या २८८ च्या विधानसभेत २०२४ मध्ये विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाने २० जागा जिंकल्या. एक दशांश भरत नाहीत म्हणून विरोधी पक्षनेत्याचे पद रिकामे राहिले. या मापाने ओ’टूलही घरीच बसले असते. स्टॉर्मॉन्टने, म्हणजे तिकडच्या विधानसभेने, विरोधकासाठी कायदा केला. आपण त्याला संकेत दाखवून दाराबाहेर ठेवला.