वाघाच्या कपाळावरची आठी : निर्मूलनाची कार्यपद्धती

विषय : डायमंड पेंटिंगच्या कॅनव्हासवरील घड्या, सुरकुत्या, चुण्या, आठ्या इत्यादी काढून टाकणेबाबत.

संदर्भ : सूनबाईंनी घरबसल्या मागवलेला वाघ, नग एक.

1. पार्श्वभूमी

मी 32 वर्षं सरकारी नोकरीत कागद सपाट ठेवण्याचं काम केलं. फायलीचा कोपरा दुमडलेला दिसला की मला घास उतरत नसे. निवृत्तीनंतर हे कसब वाया जाणार असं वाटत असतानाच, ऐन मे महिन्यात, नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या घरी कुरियरने एक पाकीट आलं. चित्र 30 बाय 40 सेंटिमीटरचं आणि पाकीट पोस्टकार्डाएवढं. यावरूनच आतल्या वाघाचे हाल कळावेत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा. कापडावर चित्र छापलेलं असतं, त्यावर चिकट थर आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ पडदा. चित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत एक खूण असते. लेखणीसारख्या दांडीच्या टोकाला मेण लावून त्या खुणेच्या रंगाचा अडीच मिलिमीटरचा रेझिनचा खडा उचलायचा आणि तिथे बसवायचा. रंगांना जे क्रमांक असतात ते डीएमसी या सूतकंपनीचे. नागपूर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या ताब्यात होतं तेव्हा, 1746 साली, आजच्या फ्रान्समधल्या म्युलूझ गावी ही कंपनी कापडछपाईपासून सुरू झाली. तिच्या यादीत 310 म्हणजे काळा. वाघाच्या पट्ट्यांमुळे आमच्याकडे 310 ची पुडी सगळ्यांत फुगलेली होती. आमच्या हिने ती उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "इतवारीच्या सराफ्यात दाखवून आणू का जी?"

आता हिशेब. आडव्या 120 चौकटी, उभ्या 160, एकूण 19,200. एका खड्याला तीन सेकंद धरले तर काम 16 तासांचं. यात चहा, फोन आणि सासू धरलेली नाही. कॅनव्हासला तीन आडव्या घड्या होत्या आणि एक उभी. प्रत्येक रेघेला चौकटींची एकच ओळ धरली, तरी आडव्या रेघांच्या 360 आणि उभीच्या 160 मिळून 520. तीन चौकांवरच्या चौकटी दोनदा मोजल्या गेल्या, त्या वजा जाता बाधित खडे 517. घडीच्या उंचवट्यावरचा खडा तिरपा बसतो, शेजाऱ्याला कोपर मारतो आणि दोन दिवसांनी फरशीवर सापडतो, तोही अनवाणी पायाला.

उभी घडी वाघाच्या नाकावरून गेली होती आणि सगळ्यांत वरची आडवी थेट कपाळावरून. वाघ ताडोबाचा म्हणावा, तर पाठीमागे बर्फ होता. पण चेहरा मात्र आमच्या जुन्या साहेबांचा. प्रस्ताव परत पाठवण्यापूर्वी ते असेच बघायचे.

2. व्याख्या

घडी : हेतुपुरस्सर घातलेली, सरळ रेषेतली. घालणारा कधी सापडत नाही.

सुरकुती : वयाने किंवा वागणुकीने येणारी. हिची दिशा ठरलेली नसते.

चुणी : शिंपी पैसे घेऊन घालतो ती. फुकट पडली तर दोष समजावा.

नदी : काही कॅनव्हासांवर दुहेरी चिकटपट्टीचा ताव लावलेला असतो. तो लावतानाच सुरकुतला, तर पडद्याखाली हवेची लांब नागमोडी रेघ राहते. या छंदातले लोक तिला नदीच म्हणतात. गोंद ओतून केलेल्या कॅनव्हासला हा आजार नसतो. आमच्या वाघावर दोन नद्या निघाल्या. मी एकीला नाग आणि दुसरीला पिवळी अशी नावं दिली. शहरातल्या त्याच नावांच्या दोन नद्यांसारखंच याही दोघींचं काय करायचं, हे पुष्कळ दिवस ठरलं नाही.

आठी : वरीलपैकी कोणतीही गोष्ट कपाळावर पडली की तिला आठी म्हणावं.

3. ऐतिहासिक आढावा

जरीपटका हा मुळात कापडाचाच विषय आहे. मराठ्यांचं जरीचं निशाण ते. 24 नोव्हेंबर 1817 रोजी आप्पासाहेब भोसल्यांनी नागपुरात पेशव्यांकडून आलेला जरीपटका आणि सेनापतिपद समारंभाने स्वीकारलं. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या कपाळाला आठी पडली आणि दोन दिवसांत सीताबर्डीची लढाई जुंपली. आता, पुण्याहून नागपूरपर्यंत निशाण काही कोणी फडकवत आणत नाही. ते घडी घालूनच आलं असणार. मग समारंभापूर्वी त्या घड्या कोणी मोडल्या? लढाईत कोण कुठे उभं होतं ते बखरींत मिळतं, इस्त्री कोणी केली ते मिळत नाही. प्रस्तुत कार्यपद्धती लिहिण्यामागे तीही एक प्रेरणा आहे.

4. साहित्य

ऊब, वजन आणि वेळ. जगातल्या सगळ्या घड्या या तिघांनी जातात. बाकीचं सामान मन रमवायला असतं. ऊब नागपुरात मे महिन्यात घरपोच मिळते. वेळ निवृत्त माणसाकडे असतो. वजन तेवढं घरातून उभं करावं लागतं.

5. कृती

पायरी पहिली, उलटं गुंडाळणे. पडदा न काढता, चित्र बाहेरच्या अंगाला येईल असा कॅनव्हास पुठ्ठ्याच्या नळीवर सैलसर गुंडाळावा आणि रात्रभर ठेवावा. ज्या दिशेने कापड दुमडलं, तिच्या उलट दिशेला त्याला वळण लागतं. काम पुरं झाल्यावर चित्र ठेवून द्यायचं असेल, तेव्हाही खडे बाहेरच्या अंगालाच हवेत. आत घेऊन गुंडाळले तर खडे एकमेकांना रेटून सुटतात. हा नियम माणसांच्या सभेलाही लागू आहे.

पायरी दुसरी, ग्रंथांखाली ठेवणे. आदर्श वजन म्हणजे केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. त्याचे 23 खंड आहेत आणि त्यासाठीचं मंडळ नागपुरातच उभं राहिलं, म्हणजे हे वजन स्थानिकच म्हणायचं. पण ते आमच्याकडे नव्हतं. मी 15 वर्षांचे दिवाळी अंक रचले. तीन दिवसांनी नाकावरची घडी निम्मी बसली, कपाळावरची तशीच. आमच्या हिचं म्हणणं पडलं की ललित अंक खाली आले होते, भविष्याचे आणि जाहिरातींचे अंक खाली घ्यायला हवे होते. खरं वजन तिथे असतं.

पायरी तिसरी, लाटणे. या पायरीला स्थानिक तज्ज्ञ लागतो. आमचा भाग फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेला. पाडव्याची गुढी उतरते न उतरते तोच चेटीचंडचे ढोल वाजू लागतात आणि उन्हाळा लागला की गच्च्यांवर पापड दिसू लागतात. समोरच्या भाभी दिवाळी अंकांची ती उतरंड बघून आत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाईसाब, बेलन दो." त्यांनी पडद्यावरून लाटणं फिरवलं, मधून बाहेर, मधून बाहेर, प्रत्येक वेळी कॅनव्हास थोडा वळवत. "किनारे से बीच में लाओगे तो हवा जाएगी कहाँ?" या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. काठाकडून आत लाटणारे लोक सुरकुती घालवत नाहीत, तिची फक्त बदली करतात. आम्ही कार्यालयात नेमकं हेच करत होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पायरी चौथी, इस्त्री. मी वाघ घेऊन कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याकडे गेलो. त्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "शर्टाचे लावू की साडीचे?" दरपत्रकात वाघ नव्हता. शिवाय कोळशाच्या इस्त्रीला थंड-गरम करायचं बटण नसतं, त्यामुळे परत आलो. घरच्या इस्त्रीची पद्धत अशी : खडे लावण्यापूर्वीच आणि पडदा जागेवर असतानाच चित्र जाड टॉवेलवर पालथं ठेवावं. पाठीवर धुतलेली सुती चादर घालावी. इस्त्रीतलं पाणी काढून टाकावं, तापमान सगळ्यांत कमी ठेवावं आणि आधी एक कोपरा करून बघावा. मग चार-पाच सेकंद दाबायचं, उचलायचं, पुढे सरकायचं, ओढायचं नाही. यातली खरी गोष्ट शेवटी आहे. कापड गरम असतानाच वजनाखाली सरकवावं आणि निवेपर्यंत काढू नये. सपाटपणा निवताना बसतो. तापलेलं असतानाच उचलून "बघू, गेली का?" करणाऱ्याची घडी जात नाही.

पायरी पाचवी, नद्या आटवणे. जिथे नदी आहे तेवढाच पडदा उचलावा. बारीक सुईने रेघेवर दोन-तीन ठिकाणी टोचावं आणि पडदा परत टाकून, मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची कड टोचलेल्या जागेकडे सरकवावी. हवा निघून जाते. पिवळी अशी आटली. नाग हटेना, तेव्हा सूनबाईंनी तिच्यावरच खडे बसवले आणि बोटाने दाबले. बुजवून वर बांधकाम करणे ही पद्धतही शहरात रूढ आहेच.

6. निषिद्ध

(अ) उन्हात वाळवणे. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतप्यात एवढी फुकटची ऊब असताना विजेची इस्त्री कशाला, असा काटकसरी विचार करून मी वाघ गच्चीवर अंथरला. खालून हिचा आवाज आला, "काहून जी, वाघाले पापडासारखं वाळू घालून राह्यले का?" मी उत्तर तयार करेपर्यंत गोंद मऊ पडला, पडद्याची एक कड उचलली गेली आणि उघड्या पट्टीवर जरीपटक्याची बरीचशी धूळ कायमची राहायला आली. ऊब हवी, पण तिच्यासोबत वजन नसेल तर ती फक्त वितळवते.

(आ) खडे लावल्यावर इस्त्री. रेझिनला ती सोसत नाही. खडे वाकतात आणि 19,200 चौकटींचा एकच प्रश्न होतो.

(इ) कूलरसमोर बसणे. हवा दमट, पडदा उघडा, खडे हलके. एका झोताने 310 ची अर्धी वाटी दिवाणाखाली गेली.

(ई) अख्खा पडदा एकदम काढणे. जेवढं काम तेवढीच जागा उघडावी. पडदा वळायला लागला तर तो कापून बटरपेपरचे तुकडे लावावेत. काठाला चिकटपणा राहिला तर त्यावर टाल्कम पावडर चोळावी. काठालाच, वाघाला नाही.

7. विशेष प्रकरण : मेहुणे

इतकं होऊनही कपाळावरची आठी जाईना. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीचे मेहुणे दोन दिवसांसाठी आले. त्यांना दिवाण द्यायचा म्हणून हिने कॅनव्हास बटरपेपरात घातला आणि मला न विचारता गादीखाली सरकवला. मेहुण्यांची प्रकृती भरदार, झोप गाढ आणि दोन दिवसांचे अकरा होण्याची परंपरा जुनी. बाराव्या दिवशी त्यांना बसमध्ये बसवून आलो आणि गादी उचलली. कॅनव्हास काचेसारखा सपाट.

मी शांतपणे विचार केला. अंगाची ऊब, अंगाचं वजन आणि अकरा दिवसांचा वेळ. कलम 4 मध्ये मी लिहिलेलं सगळं साहित्य एकाच पाहुण्यात आलं होतं. शिवाय कोणीही मधेच उचलून "गेली का?" म्हणून पाहिलं नव्हतं. श्रेयाची वाटणी मात्र अजून चालू आहे. भाभी म्हणतात लाटण्याने गेली, ही म्हणते हिच्या भावाने घालवली, आणि प्रेसवाला जाता-येता विचारतो, "शेर कैसा है?"

8. फलश्रुती

खडे लावण्याचं काम पुढे दीड महिना चाललं. शेवटचा खडा बसल्यावर आम्ही वाघ भिंतीला टेकवून उभा केला आणि समोर रांगेत बसलो. बराच वेळ कोणी बोलेना. वाघ सपाट होता, चमकत होता. पण त्याचा दरारा गेला होता. नुकतंच कर्ज फिटलेल्या माणसासारखा तो आमच्याकडे बघत होता.

ही म्हणाली, "गरीब दिसून राह्यला बाप्पा."

भाभींनी चष्मा पुसून पाहिलं. "अब तो ये दाल-पकवान खाएगा."

मला साहेब आठवले. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून, आठ्या उतरवून ते असेच उभे होते आणि दारावरच्या शिपायानेही त्यांना ओळखलं नव्हतं.

सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी 310 ची उरलेली पुडी काढली, वाघाला आडवा केला आणि जिथून ती घडी गेली होती, नेमक्या त्याच ओळीतले कपाळापुरते नारिंगी खडे चिमट्याने उपटले. तिथे काळे बसवले. नकाशात ते नाहीत. मी मोजले, 23 भरले. वाघ उभा केला तर समोरून घरात आलेलं भाभींचं मांजर तसंच पाठमोरं निघून गेलं.

सबब, बाधित खड्यांची संख्या 517 वरून 494 करावी, की हे 23 स्वेच्छेने बाधित म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवावेत, याबाबत मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.