मोकळी जागा सापडली!

शहरात मोकळी जागा उरली नाही, ही तक्रार खोटी आहे. ती नगररचना खात्यांत भरपूर आहे. नीती आयोगाचा 2021चा अहवाल सांगतो : राज्यांच्या नगररचना विभागांना 12,000हून अधिक नगररचनाकार हवेत, मंजूर पदे 3,945, आणि त्यांतलीही सुमारे 42 टक्के रिकामी. शिवाय काही राज्यांत या पदासाठी नगररचनेची पदवी अनिवार्यच नाही. मग पदवीधर कुठे जातो? सल्लागार कंपनीत. तिथे तो वीस वर्षांचा विकास आराखडा रंगवतो. त्याचे स्वतःचे कंत्राट मात्र अकरा महिन्यांचे. उद्यानाला हिरवा, निवासी भागाला पिवळा रंग तो चोख भरतो. त्या पिवळ्या पट्ट्यात घर घेण्याइतक्या पगाराचे आरक्षण तेवढे कुठल्याच आराखड्यात नसते. हरकती-सूचना मागवल्या आहेतच. मुदत काल संपली.