ब्रेकची कुंडली

पन्नाशी ओलांडलेल्या मोटारीला 2021 च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’चा मान दिला, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरे दिली आणि रोजच्या वापराला मनाई केली. तरी या हौशी आजीबाईच्या ब्रेकचा दांडा नव्याने घडवायचा, तर शहाणा मालक पोलाद प्रयोगशाळेत धाडतो: कार्बन किती, गंधक किती, कठीणपणा किती. योग्यच आहे. फोर्डच्या ‘मॉडेल ए’चे ब्रेक दांड्यांनीच ओढले जातात, आणि जुन्या दांड्यातली थकव्याची बारीक भेग कठीणपणाच्या आकड्यात दिसत नाही, त्यासाठी चुंबकीय कणांची चाचणी लागते.

देवळाली प्रवराच्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे डुलत जातात. त्यांतल्या कितींच्या पोलादाची तपासणी झाली, हे विचारणे अन्यायाचे. तपासायला आधी ब्रेक असावा लागतो. तपासणारे तर दूर नाहीत: लष्करी गाड्या तपासणारी संस्था अहिल्यानगरला, म्हणजे याच जिल्ह्यात. कुणी म्हणेल, शेतकऱ्याला हा खर्च झेपेल का? प्रयोगशाळेचा नसेल झेपत, पण टनावारी ऊस ओढणाऱ्या चाकाला ब्रेक ही काही संग्राहकाची हौस नव्हे. शिवाय ट्रॉली रोज राबते, त्यामुळे पन्नाशी गाठली तरी ‘व्हिंटेज’मध्ये बसायची नाही.