रविवारचं इन्स्पेक्शन

शिरवळच्या एमआयडीसीत सुटे भाग तपासणाऱ्या माणसाला रविवारी सुट्टी असते, त्याच्या डोळ्यांना नसते. आमचे क्यूसी साहेब (गावात त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नाही) आठवडाभर हातात व्हर्नियर घेऊन माल रिजेक्ट करतात आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी.

होळी उलटली की त्यांना चेव येतो. थंडीचे पाहुणे परतीला लागलेले, पळस फुललेला, वीर धरणाचं पाणी मागे सरून गाळ उघडा पडलेला. दुर्मीळ काही दिसायचं तर आत्ताच, असा त्यांचा सिद्धान्त. उजाडायच्या आत ते फटफटी घेऊन दारात हजर. चहाचं विचारलं तर, "चहा नंतर. आधी माल बघू."

फुगवट्याच्या काठाला उतरलो की तपासणी सुरू. शेकाट्या? "कॉमन." चित्रबलाक? "कॉमन." पळसावर भोरड्यांनी असा काही कालवा मांडला होता की मी जागीच थांबलो. एक चोच फुलात, तर दुसरी शेजारणीच्या डोक्यात. गुलाबी पिसं कुठली आणि पाकळ्या कुठल्या, कळेना. साहेबांनी दुर्बीण लावली, लगेच काढली. "बल्क लॉट आहे," म्हणाले आणि पुढे चालायला लागले. नदी सुरय सूर मारून चोचीत चांदीसारखा मासा घेऊन उठला, तेव्हा मात्र ते घटकाभर बघत राहिले. मला वाटलं, विरघळले. "मागच्या रविवारी हाच होता," ते म्हणाले.

त्यांचं रजिस्टर बघण्यासारखं आहे. अनुक्रमांक, नग, ठिकाण, वेळ आणि शेरा. शेरे तीनच: ओके, रिजेक्ट, होल्ड. होल्डमध्ये सगळी वटवट्यांची गर्दी. बोटभर जीव, मातकट रंग, कायम पानाआड. एकाची भुवई जरा लांब, तर दुसऱ्याचे पाय जरा फिके, एवढाच काय तो फरक. साहेब बाभळीखाली मान वर करून उभे राहतात आणि शेवटी वैतागून म्हणतात, "एवढ्या कमी टॉलरन्समध्ये देव तरी माल कसा काढतो!"

त्यांचं दैवत एकच, कर्नल साइक्स. कंपनी सरकारच्या या अधिकाऱ्याने दख्खन पालथं घालून इथल्या पक्ष्यांची यादी केली, ती १८३२ साली लंडनला छापून आली. साहेबांच्या मते या मुलखातलं पहिलं रीतसर इन्स्पेक्शन तेच, पुढे सगळा ढिसाळ कारभार. साइक्सच्या काळी पक्षी गोळी घालून पाडायचे आणि मग तपासायचे, हे मी एकदा बोलून गेलो. "डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग," साहेब शांतपणे म्हणाले.

पण जीव अडकलाय तो पट्टकदंब हंसांत. सात हजार मीटरपर्यंत चढून हिमालय ओलांडणारा हा पक्षी. त्याचंही त्यांना फारसं काही नाही. मंगोलियात अभ्यासक काही हंसांच्या गळ्यात अक्षरं-आकडे घातलेला पट्टा अडकवतात आणि असे पट्टेवाले हंस भारतात दिसलेलेही आहेत. चक्क बॅच नंबर असलेला पक्षी! हे कळल्यापासून साहेबांची झोप उडाली आहे. थवा दिसला की डोक्यावरचे काळे पट्टे राहिले बाजूला, हे नुसत्या माना तपासत सुटतात.

त्या दिवशी मागे रेंगाळलेले थोडे हंस पलीकडच्या गाळावर होते. साहेबांनी तिकाटण्यावर स्कोप चढवला. "निल. निल. खाली घातलीय, थांबा. निल."

तेवढ्यात गाळपेर करणारे एक मामा म्हशी घेऊन आले.

"काय बघताय सायेब?"

"गळ्यात पट्टा असलेला हंस कधी पाहिलात का मामा?"

"व्हय की. पौषात आलता एक, माज्या गव्हात."

साहेबांचा डोळा स्कोपवरून सुटला. "नंबर? नंबर काय होता त्याचा?"

"नंबर कशाला वाचतोय! निम्मा गहू खाल्ला त्यानं. ढेकूळ घातलं अन् हाकलला."

साहेब बराच वेळ मामांकडे बघत राहिले. मग खाली बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं, शेऱ्याच्या रकान्याशेजारी पट्टीने एक नवी रेघ मारली आणि सुवाच्य अक्षरात मथळा घातला: ग्राहकाची तक्रार.

"गहू किती गुंठे होता मामा?"