परतवाड्याच्या पुढे

नाशिककराचं तोंड कायम पश्चिमेला असतं. पहाटेची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईत नोकरी करून रात्री त्याच गाडीने घरी येणारा माणूस इथे गल्लोगल्ली सापडतो. दादरला कुठला डबा जिन्यासमोर लागतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मात्र गाडी मनमाडहून उलट्या दिशेला वळली की त्याचा भूगोल भुसावळच्या केळ्यांपाशी संपतो. पुढे नागपूर आहे, तिथे संत्री होतात आणि उन्हाळ्यात माणसं भाजतात, एवढं तो ऐकून असतो.

अशा गावात राहून मी राष्ट्रीय उद्यानाला जायचं काढलं. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा. एक बोरिवलीला, तिथे लोकलचं रिटर्न तिकीट काढून जाता येतं. एक चांदोली, सह्याद्रीत. उरलेली चार, म्हणजे ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल, विदर्भात. नाशिक विभागाच्या वाट्याला एकही नाही. वाटप करणाऱ्याने बहुधा आमच्याकडची देवस्थानं मोजली आणि 'यांचं भागलं' म्हणून पान उलटलं.

ताडोबा राज्यातलं पहिलं, १९५५ सालचं. पण तिथे आता सगळेच जातात. आमच्या सोसायटीत ताडोबाचा वाघ मोबाईलमध्ये नसलेलं कुटुंब शोधावं लागेल. म्हणून मी मेळघाटातलं गुगामल धरलं. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. शिवाय मला वाघ बघायचाच नव्हता. मला रानपिंगळा बघायचा होता.

हे मी जेवताना बोललो.

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"घुबड. छोटं. दिवसा हिंडतं."

"घुबड बघायला अमरावतीला? आपल्या मागच्या पिंपळावर रोज बसतं ते काय आहे?"

मी तिला सांगितलं, की हा पक्षी ११३ वर्षं कोणाला दिसलाच नव्हता. १८८४ नंतर तो संपला असंच सगळे धरून चालले होते. मग १९९७ साली अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला. कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ.

"शहादा नंदुरबारात," बायको म्हणाली. "आपल्याच विभागात. मग आपण उलट्या दिशेला कशाला चाललोय?"

काही प्रश्नांना उत्तर न देणं हेच संसाराचं गमक आहे. मी ताक मागितलं.

नाशिकरोड ते अमरावती हा पावणेपाचशे किलोमीटरचा भाग ठरायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मुंबई-अमरावती एक्स्प्रेस, जिला अमरावतीकर अंबादेवीच्या नावाने अंबा एक्स्प्रेस म्हणतात, रात्री उशिरा नाशिकरोडला येते आणि सकाळी अमरावतीत सोडते. खरी गंमत त्यापुढची. अमरावतीहून परतवाडा आणि परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह. शेवटचा टप्पा पन्नासेक किलोमीटरचा. पावणेपाचशेला एक चहा, तर या पन्नासला किती चहा, याचं त्रैराशिक मांडून बघावं. आमच्या घरात दुधाचा रतीब वाढवावा लागला.

कारण तोवर आमच्याकडे समिती स्थापन झाली होती. ती कोणी नेमत नाही. प्रवासाचा विषय निघाला की ती सोफ्यावर येऊन बसते.

पहिले सदस्य माझे मेहुणे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला, त्या दिवसापासून जगातली कुठलीही जागा त्यांना समृद्धीवरच असल्यासारखी वाटते. "सिन्नरजवळ चढायचं, एकशेवीसवर काटा ठेवायचा, कारंज्याला उतरायचं. मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडा. झालं!" त्यांच्या बोलण्यात 'झालं' हा स्वतंत्र थांबा असतो. मूर्तिजापूर ते परतवाडा रस्ता कसा आहे, असं विचारलं तर म्हणाले, "तो समृद्धीवर येत नाही," आणि विषय संपवला. भाड्याच्या गाडीचा हिशेब काढला तेव्हा ट्रॅव्हलवाल्याने दिवसाला किमान तीनशे किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा हॉल्ट आणि टोल-पार्किंग वेगळं, असं सांगितलं. आम्ही जंगलात घुबडाची वाट बघत बसणार आणि गाडी झाडाखाली उभ्या उभ्या दिवसाचे तीनशे किलोमीटर धावणार. बायकोने फोन ठेवायला सांगितला.

दुसरी सदस्य आत्याच. तिला घुबडात रस नव्हता, एसटीत होता. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे आणि तेव्हापासून आत्या घरात सापडत नाही. वणी, शिर्डी, पैठण, जिथे गाडी जाते तिथे ती जाते. पुढच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणजे घरात पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच उरलो. "सबंध प्रवास एसटीने करू," आत्या म्हणाली. "पाचशे किलोमीटर फुकट बसायला मिळतंय, आणि तू आरक्षणाला पैसे घालतोस!" ती येणार आहे हे मला तेव्हा कळलं.

तिसरे सदस्य म्हणजे समोरच्या बंगल्यातले रेल्वेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एक गाडी आहे. फक्त ती आता धावत नाही. त्यांनी पिशवीतून एक जुनं वेळापत्रक काढलं. कोपरे कुरतडलेले, पाठीला कापडी पट्टी, आणि पानापानावर तांबड्या पेन्सिलीच्या बारीक खुणा. बोटाला थुंकी लावून त्यांनी पान काढलं.

"मूर्तिजापूरला उतरायचं. तिथून शकुंतला. थेट अचलपूर. अचलपूर आणि परतवाडा एकच समजा."

शकुंतला ही अडीच फुटी रुळांवरची गाडी, किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची. कापसासाठी घातलेली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत ओढलं, की त्या इंजिनाने तिला ओढलं, हे बघणाऱ्याला ठरवता येत नसे. ७६ किलोमीटरला चार तास.

"पण काका, ती तर बंद आहे."

"बंद म्हणजे सध्या नाही," काका म्हणाले आणि दुसरं पान काढलं. "मग अकोल्याहून खंडव्याची मीटरगेज घ्या. ती तर जंगलातूनच जाते. धूळघाटाला गाडी वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पुलाने पलीकडे जाते. वरून पाहिलं तर मराठी चारचा आकडा. खिडकीतून खाली बघावं, तर मघाशी आपण जिथून आलो ते रूळ!" बोलता बोलता त्यांनी टीपॉयवर बोटाने चार काढला, माझ्या चहाच्या कपाला पुलाचा खांब करून. ती गाडीही रुंदीकरणासाठी बंद झाली आणि मग नवा मार्ग वाघांच्या घरातून न्यावा की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. पण काकांचा चारचा आकडा पाहिल्यावर मलाही क्षणभर वाटलं, की वाट बघावी, काय घाई आहे.

शेवटी मी सरळ एका आगारात फोन लावला. नाशिकहून वऱ्हाडात फोन लावताना मी कारण नसताना मोठ्याने बोलतो.

"सेमाडोहला जाणारी गाडी आहे का?"

"आहे."

"किती वाजता?"

"ते गाडीवर आहे."

याहून खरं उत्तर मला सबंध नियोजनात मिळालं नव्हतं. मग कोणाच्या तरी साडूच्या ओळखीने परतवाड्याच्या एका काळी-पिवळीवाल्याचा नंबर मिळाला. मी तोवरची सगळी तयारी त्याला ऐकवली. अंबा एक्स्प्रेस, समृद्धी, दर्यापूर, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, तुमी नुसते परतवाड्याले उतरा न. मंग मले फोन लावा."

"पण वेळ?"

"सकाळी."

"सकाळी किती?"

"तुमी उतराल तवा."

समितीला हे अजिबात आवडलं नाही. मेहुण्यांनी 'बी प्लॅन' मागितला. काकांनी वेळापत्रक पिशवीत टाकलं. आत्याने मात्र एवढंच विचारलं, की जीपला अर्धं तिकीट असतं का.

गेलो. अंबा एक्स्प्रेस आली, अमरावतीहून एसटी मिळाली (आत्या फुकट, बायको अर्धी, मी पूर्ण) आणि परतवाड्याला आम्ही उतरलो तेव्हा सकाळ झाली होती, त्याने सांगितल्याप्रमाणे. जीपच्या टपावर एक सायकल आणि पत्र्याची पेटी, मागच्या बाकाखाली खताच्या दोन गोण्या, आणि पाटीत पाय बांधलेली कोंबडी घेऊन बसलेली एक कोरकू म्हातारी. तिने आत्याला सरकून जागा दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. घाट संपेपर्यंत त्या बोलत होत्या. वनखात्याच्या नाक्यावर गाडीचा नंबर वहीत लिहिला गेला, साग सुरू झाला, आणि एका वळणावर मोबाईलची रेंज गेली. मेहुण्यांनी नाशिकहून आमचं लाइव्ह लोकेशन लावून घेतलं होतं. त्यांच्या पडद्यावर आमचा ठिपका त्या वळणावर जो थांबला तो दुसऱ्या दिवसापर्यंत हलला नाही. 'समृद्धीवर ठिपका असा थांबत नाही' हा त्यांचा निरोप मला रेंजमध्ये आल्यावर मिळाला.

जंगलाचं म्हणाल तर गवे पुष्कळ दिसले. रानपिंगळाही दिसला. वाटाड्याने बोट केलं तिकडे सागाच्या वाळक्या फांदीवर जेमतेम वीतभर पक्षी, भर उन्हात शेपटी झटकत बसलेला. मी श्वास रोखून बघत होतो.

"एवढंसंच?" आत्या म्हणाली. "पिंपळावरचं मोठं आहे."

परत आल्यावर समितीची बैठक भरली. प्रत्येकाने आपला मार्गच कसा बरा होता ते सांगितलं आणि मी ते मान्य केलं, कारण आता काही बिघडणार नव्हतं. तेवढ्यात परतवाड्याहून जीपवाल्याचा फोन आला. त्याला आईला घेऊन नाशिकला यायचं होतं, २०२७ च्या सिंहस्थाला. "नाशकाले कसं याचं जी? गर्दी लय असते म्हन्ते."

मी फोन स्पीकरवर टाकला. समितीला इतकं उधाण मी कधी पाहिलं नव्हतं. मेहुण्यांनी त्याला कारंज्याला समृद्धीवर चढवलं. काकांनी बडनेऱ्याला हावडा मेलमध्ये बसवलं आणि मनमाडला कुठल्या फलाटावर चहा चांगला मिळतो तेही सांगितलं. आत्याने त्याच्या आईचं वय विचारलं, बहात्तर म्हटल्यावर, "अर्धं तिकीट. तीन वर्षं थांबता आलं तर बघा," म्हणाली. मी स्वतः पर्वणीच्या दिवशी गाड्या गावाबाहेर अडवतात, तिथून रामकुंडापर्यंत पायी कसं यायचं, याचा नकाशा तोंडी काढून दिला. द्वारका, सीबीएस, पंचवटी, सगळं क्रमाने.

तो शांतपणे ऐकत होता.

"बरं," तो म्हणाला. "मंग मी जीपच घेऊन येतो."