तंबूला जागा पाहिजे

दिवाळीला माझा मेहुणा पुण्याहून शहाद्याला आला तो तंबू घेऊन. खोक्यावर ‘चार माणसांसाठी’ असं छापलेलं होतं आणि खाली चित्र होतं: निळं तळं, मागे देवदारांची रांग, पुढे दात दाखवून हसणारं चौकोनी कुटुंब. त्या चौघांत एकाचंही पोट सुटलेलं नव्हतं. त्यावरून हा आकडा आमच्याकडे अडीचवर येणार हे मी ओळखलं. मेहुण्याचा उत्साह मात्र दांडगा. “दाजी, आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? सातपुडा आहे, तापी आहे, नर्मदा आहे. जागा तेवढी ठरवू, की निघालो.”

सासुरवाडीत जावयाने मत द्यायचं नसतं, खापरावरच्या पोळीवर तूप वाढून घ्यायचं असतं. शिवाय त्या घरात जागेचा विषय निघाला की तो आपोआप सासऱ्यांकडे जातो. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. इतरांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे फोटो असतात तिथे यांच्याकडे तापी खोऱ्याचा नकाशा आहे आणि दिवाळीत त्याला झेंडूचा हारही असतो. अण्णांच्या मते जमीन दोन प्रकारची. एक, जिथे पाणी येऊन गेलंय ती. दुसरी, जिथे अजून यायचंय ती.

पहिलं नाव प्रकाशाचं निघालं. जवळचं गाव, तापी आणि गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वराचं देऊळ. मेहुण्याने फोनवर वाळूचा एक सपाट पट्टा हेरून ठेवला होता. अण्णांनी चष्मा पुसला.

“नदीला दोन रेषा असतात. निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. तू दाखवतोस ती जागा निळीच्याही आत आहे. वर हतनूरचे दरवाजे उघडले की संपलं.”

“अण्णा, आपण एकच रात्र झोपणार आहोत.”

“ते पाण्याला कळवलंस का?”

प्रकाशाच्या बाबतीत अण्णांचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला पुरातत्त्वाचा आधार आहे. 1954-55 साली बी. के. थापर यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं तेव्हा तळाशी ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी चार भांडी आणि पोरंबाळं घेऊन तापीकाठी आलं, वाळूच्या सुंदर पट्ट्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने वरच्या उंचवट्यावर जाऊन राहिलं. त्यांच्यावर एकावर एक थर चढत गेले, गाव अजून तिथेच आहे. त्या मंडळींना तंबू कुणी भेट दिला नव्हता, म्हणून त्यांनी आधी जागा पाहिली.

मग सारंगखेडा निघालं. तिथे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो आणि अलीकडे तापीकाठी पर्यटकांसाठी तंबूंचं आख्खं नगर उभं राहतं. पण दत्तजयंतीला अवकाश होता. शिवाय त्या जत्रेत लोक घोड्याचे दात पाहतात, कान पाहतात, भोवरे पाहतात, आणि तंबूतल्या पाहुण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मेहुण्याला हे झेपण्यातलं नव्हतं. बायकोने उनपदेवचं नाव काढलं, कारण तिथे गरम पाण्याचा झरा आहे आणि तिच्या मते सुट्टीचा अर्थ सकाळी आयतं गरम पाणी एवढाच. मात्र दिवाळीच्या सुट्टीत तोच अर्थ निम्म्या तालुक्याला लागलेला असतो.

तोरणमाळ तर येणारच होतं. नंदुरबार जिल्ह्यात कुठेही ‘फिरायला’ असं म्हटलं की समोरचा माणूस ‘तोरणमाळ’ म्हणतो आणि लगेच ‘महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण’ असं जोडतो. या दुसऱ्या क्रमांकाचा जिल्ह्याला फार अभिमान. पहिल्या क्रमांकाला गर्दी असते, स्ट्रॉबेरी असते. दुसऱ्याला यशवंत तलाव, सीताखाई आणि सातपायरीचा घाट. हजार मीटरच्या वरची ती सपाटी मला मनापासून आवडते, पण सुट्टीत तलावाकाठी एक गाडी गाणी लावते, शेजारची तिच्याहून मोठ्याने लावते आणि मधल्या तंबूत आपण झोपायचं. आडबाजूला जंगलात सरकावं, तर राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय खुंटी ठोकता येत नाही, आणि सासूबाईंच्या माहितीप्रमाणे अस्वलाला परवानगी लागत नाही.

“अस्तंबा?” मेहुणा म्हणाला, आणि सासूबाईंनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला.

तेराशे मीटरच्या पुढचं ते शिखर. वर अश्वत्थाम्याचं स्थान. धनत्रयोदशीच्या सुमाराला यात्रा असते आणि लोक तळोद्याकडून डोंगर तुडवत, रात्रभर चालत वर जातात. कपाळावरची जखम भळभळते म्हणून अश्वत्थामा या डोंगरात तेल मागत हिंडतो, यावर सासूबाईंचा विश्वास आमच्या सर्वांवरच्या विश्वासाहून जास्त आहे. “तो रात्री येऊन तेल मागेल,” त्या मेहुण्याला म्हणाल्या, “आणि तुझ्या पिशवीत निघेल सनस्क्रीन.” अस्तंबा रद्द झालं, तरी त्यांनी खोबरेल तेलाची एक बाटली सामानात टाकलीच. डोंगर सगळा एकच, तो इकडेही येऊ शकतो.

उरली नर्मदा. महाराष्ट्राच्या वाट्याला ती 54 किलोमीटर आली आहे, तीही शेजारच्या राज्यांबरोबर अर्धी-अर्धी. आम्ही तळोद्यावरून चांदसैलीचा घाट चढलो. सागाची पानं करपायला लागली होती, उतारांवर ज्वारी उभी होती आणि प्रत्येक उताराला एकेक घर. इथे घरं गर्दी करून राहत नाहीत. प्रत्येकाचं घर आपल्या शेतात, शेजारी हाकेच्या टप्प्यावर. धडगाव मागे टाकून रस्ता नदीकडे उतरायला लागला तसे मेहुण्याच्या फोनवर गुजरातेत स्वागत करणारे संदेश यायला लागले.

आणि मग ती जागा दिसली. हिरवीगार, पाण्याला लागून, समोर निळं पाणी, पलीकडे डोंगर. देवदार सोडले तर खोक्यावरचं चित्रच. मेहुणा गाडी थांबायच्या आत उतरला.

अण्णा उतरले ते पाण्याकडे न बघता पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांकडे बघत. “हा काठ नव्हे,” ते म्हणाले. “हा डोंगराचा उतार आहे. काठ खाली बुडालाय.”

इथून पुढे अण्णांना आवरणं कुणाला शक्य नव्हतं. पूर वरून खाली येतो एवढं आपण शाळेत शिकतो. इथे पाणी खालून वर येतं. सरदार सरोवराची भिंत गुजरातेत, आणि ती भरायला लागली की पाणी मागे सरकत सरकत सातपुड्याच्या खोऱ्यांत शिरतं. आकाश निरभ्र असतानाही चढतं. पाण्याची पातळी 138.68 मीटर, हा आकडा अण्णा मुलांच्या जन्मतारखेहून चटकन सांगतात. 2019च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा तेवढं काठोकाठ भरलं. जिल्ह्यातली तेहतीस गावं या पाण्याच्या हिशेबात आली, आणि सगळ्यांत आधी मणिबेली. “बिलगावला लोकांनी धबधब्यावर स्वतः वीज केली होती, 2003 साली. 2006ला पाण्याने यंत्रंच गिळली,” अण्णा म्हणाले. “आणि तू इथे बेडिंग टाकतोस. 139च्या खाली मी झोपणार नाही.”

मेहुण्याच्या फोनमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारं ॲप होतं. मग तो पुढे फोन धरून, मागे अण्णा नकाशाची सुरळी घेऊन, त्यांच्यामागे मी आणि बायको, अशी वरात डोंगर चढायला लागली. दर पन्नास पावलांवर थांबून अण्णा आकडा ओरडायला लावत आणि वहीत लिहून घेत.

वरच्या पाड्यावरून हे सगळं कुणीतरी पाहत होतं. आम्ही शेताच्या बांधाशी पोचलो तेव्हा खांद्यावर कुऱ्हाड घेतलेले एक म्हातारे बाबा वाटेत उभे होते.

“कोणतं खातं?”

आम्ही गप्प.

“सर्वे आहे ना? आता किती मीटर?”

शहरातली माणसं हातात वही घेऊन उतारावर आकडे घ्यायला लागली की या खोऱ्यात त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो एका पिढीहून जुना आहे. त्यात अण्णांची चाल अजून खात्याचीच. “सर्वे नाही बाबा,” मेहुणा घाईने म्हणाला, “आम्हाला इथे तंबू लावून झोपायचंय.”

“घर नाही?”

“आहे. पुण्यात. दोन बेडरूमचं.”

बाबांनी ते मनात मांडून पाहिलं. घर आहे, गाडी आहे, बरोबर बाई आहे, पोट भरलेलं आहे, आणि तरी माणूस पालात झोपायला आलाय. याची एकच उपपत्ती लागत होती.

“उचल किती घेतली?”

मग कळलं की बाबा वर्षानुवर्षं ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादम गाडी पाठवतो, आधी उचल घेतलेली असते, आणि अर्धा पाडा बारडोलीच्या बाजूला जाऊन पडतो. तिथल्या वस्तीला पडाव म्हणतात. बांबू, उसाचं पाचट, वर प्लास्टिक. तिथून परत यायचं ते उन्हाळा तापल्यावर. म्हणजे जिल्ह्यात तंबूत राहण्याचा सगळ्यांत जास्त अनुभव असलेला माणूस आमच्यासमोर उभा होता आणि आम्ही त्याला खोक्यावरचं चित्र दाखवत होतो.

बाबांनी जागा निवडली तेवढ्या वेळात मेहुण्याचं ॲप सुरूही झालं नाही. त्यांनी वाळलेलं गवत उडवून वारा पाहिला. पायाने माती उकरून मुंगळ्यांची वाट पाहिली. वर मान करून आंब्याची वाळकी फांदी पाहिली आणि तिच्यापासून चार हात सरकले. “इथं. पाणी जवळ पाहिजे, पण इतकं जवळ नाही की सगळ्या गावाची वाट आपल्या अंथरुणावरून जाईल.”

“आणि पडावात कसं पाहता?” मी विचारलं.

“पडावात रस्ता पाहायचा. रस्त्याला लागून पाल घातलं तर रात्री ट्रक आला की मुकादम पहिलं आपल्यालाच उठवतो, भरायला. म्हणून मधोमध घालायचं. शेवटीही नाही. शेवटी साप.”

हे निकष खोक्यावर नव्हते. अण्णांनी ते वहीत उतरवून घेतले. जागेची उंची दोनशे चार मीटर भरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पेन्शन मंजूर झाल्याचं समाधान दिसलं.

बायको तोवर बाबांच्या घरात गेली होती. शौचालय कुठे, हा तिचा पहिल्यापासूनचा प्रश्न होता आणि आम्ही पुरुषमंडळींनी तो ‘तिथे गेल्यावर पाहू’ या सदरात टाकलेला होता. बाबांच्या घरच्या आजींनी तो ऐकून घेतला, जागा दाखवली, आणि पडावात बायकांना उजाडायच्या आत उसात जावं लागतं, आणि ऊस तुटत जातो तसतसं रोज लांब जावं लागतं, हे भाकरी थापता थापता सांगितलं. बाहेर येऊन बायको बराच वेळ बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “हे त्या खोक्यावाल्यांना कुणी विचारलं नसेल.”

तंबू उभा राहिला तेव्हा पाड्यावरची यच्चयावत पोरं आत होती. चौघांच्या तंबूत त्या संध्याकाळी अकरा मावली, म्हणजे छापलेला आकडा अगदीच खोटा होता असं नाही. बाबांनी बाहेरून कापड चिमटीत धरलं, चेन खालीवर केली, किंमत विचारली. मेहुण्याने सांगितली. बाबांनी ती आत आजींना ओरडून सांगितली. आजींनी पुन्हा विचारली, कारण पहिल्यांदा त्यांना बैलाची वाटली.

“चूल कुठं पेटवायची?” बाबा म्हणाले.

“आत पेटवायची नसते.”

“मग थंडीत?”

मेहुण्याने स्लीपिंग बॅग दाखवली. बाबा आत शिरून चेन लावून घेऊन पाहून आले. “कुत्रं आलं तर उठायच्या आधी हे उघडायचं?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यावर खोकं, माहितीपत्रक आणि मेहुणा तिघेही निरुत्तर झाले. रात्री तंबूत एकटे अण्णा झोपले, दोनशे चार मीटरवर, निर्धास्त. आम्हाला बाबांच्या अंगणात खाटा मिळाल्या. खोबरेल तेलाची बाटली आजींनी मागितली, गुडघ्यासाठी.

सकाळी आवराआवर चालली होती. बाबा चहा घेत आमच्याकडे बघत होते, आणि ते मनात काही हिशेब करतायत हे दिसत होतं.

“एवढी हौस आहे तर या आमच्यासंगं,” शेवटी ते म्हणाले. “पंधरा दिवसांनी गाडी आहे. मुकादमाला मी सांगतो. नवरा-बायकोचा एक कोयता धरतात. पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते.”

त्यांनी माझा हात हातात घेतला, पालथा केला, पुन्हा उलटा केला. मग खालून पाण्याची कळशी भरून आणणाऱ्या माझ्या बायकोकडे पाहिलं.

“बाईचं जमेल. तुमचा अर्धा कोयता धरू.”

“अर्ध्याला उचल किती मिळते?” मेहुण्याने विचारलं.

“यांना कशाला उचल? रात्री ट्रक भरताना बॅटरी धरायला उभं करू.”

“तेही नका सांगू ह्यांना,” बायको कळशी उतरवत म्हणाली. “काल खुंट्या ठोकताना उजेड सगळा आंब्यावर होता.”